बीएएमएसच्या वर्गात मित्रच शिकवतो तेव्हा

नीटचा निकाल लागतो, सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्या पार पडतात आणि महाराष्ट्रातल्या आयुर्वेद महाविद्यालयांत नवी बॅच येते. बारावीपर्यंत बायोलॉजी इंग्रजीतून पाठ केलेली ही मुलं पहिल्याच महिन्यात एका तासाला द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय ऐकतात. पुढच्या तासाला शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभी राहतात आणि दुपारी अष्टांगहृदयातले श्लोक म्हणून दाखवतात. संध्याकाळी घरी फोन जातो, "आई, काहीच कळत नाहीये." रात्री हॉस्टेलवर एखादी सेकंड इयरची ताई किंवा दादा पलंगावर मांडी घालून बसतो, वही ओढून घेतो आणि म्हणतो, "हे बघ, आधी एवढंच लक्षात ठेव." दिवसभर न उलगडलेली गोष्ट पंधरा मिनिटांत उलगडते.

हे सगळ्याच महाविद्यालयांत वर्षानुवर्षं चालत आलंय. मात्र ज्याची सिनियरशी ओळख आहे, ज्याला खोली चांगली मिळाली आहे, ज्याला विचारायची भीड वाटत नाही, त्यालाच त्याचा फायदा होतो. घरून ये-जा करणारी, बुजरी किंवा बाहेरच्या जिल्ह्यातून एकटीच आलेली मुलगी या मदतीपासून वंचित राहते. हीच मदत रीतसर वेळापत्रकात आणली, ती देणाऱ्याला थोडं तयार केलं आणि तिच्यावर शिक्षकाची नजर ठेवली, तर त्याला शिक्षणशास्त्रात पीअर-असिस्टेड लर्निंग म्हणतात. या लेखात मी त्याला सहअध्ययन म्हणेन.

सहअध्ययन म्हणजे काय, आणि काय नाही

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातले कीथ टॉपिंग यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. त्यांच्या व्याख्येचा गाभा असा, की जे पेशाने शिक्षक नाहीत आणि साधारण एकाच गटातले आहेत, त्यांनी एकमेकांना शिकायला मदत करायची आणि शिकवता शिकवता स्वतःही शिकायचं. व्याख्येचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. शिकवणारा इथे उपकार करत नाही, त्याचाही अभ्यास होत असतो.

याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात एकाच वर्षातली मुलं जोडीने किंवा छोट्या गटात बसतात आणि भूमिका आलटूनपालटून घेतात. दुसऱ्यात एक-दोन वर्षं पुढे असलेला विद्यार्थी मागच्यांना शिकवतो. अमेरिकेत १९७३ साली मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी केंद्रात वैद्यकीय, दंत आणि औषधनिर्माण शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी अशी व्यवस्था सुरू झाली. तिथे कोणता विद्यार्थी कच्चा आहे हे न शोधता कोणता विषय अवघड आहे हे शोधलं गेलं, आणि त्या विषयाचं सत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्यामुळे 'ढ मुलांचा वर्ग' असा शिक्का बसला नाही. आपल्याकडे सहअध्ययन आणताना ही एक गोष्ट तरी जशीच्या तशी घ्यावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर नोट्सची पीडीएफ फिरवणं म्हणजे सहअध्ययन नव्हे. एकाने स्लाइड वाचून दाखवायच्या आणि बाकीच्यांनी हजेरीपुरतं बसायचं, असा सेमिनारही सहअध्ययनात मोडत नाही.

आयुर्वेदालाच याची इतकी गरज का?

बीएएमएस हा आयुर्वेदाचा पदवी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार साडेचार वर्षांचे दीड-दीड वर्षाचे तीन टप्पे केले आहेत. पहिल्या टप्प्यातच संस्कृत आणि आयुर्वेदाचा इतिहास, पदार्थविज्ञान (म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, द्रव्य-गुणांसारख्या मूळ संकल्पना), क्रियाशारीर (शरीराचं काम), रचनाशारीर (शरीराची रचना) आणि संहिता अध्ययन (मूळ ग्रंथांचं वाचन) येतं. सुरुवातीला विद्यार्थ्याला या जगाशी ओळख करून देणारा छोटा संक्रमण अभ्यासक्रम असतो, पण तेवढ्याने भागत नाही.

खरी अडचण भाषांची आहे. मूळ ग्रंथ संस्कृतात, शरीररचनेची पुस्तकं इंग्रजीत आणि मनातली शंका मराठीत. ती मराठीही चाळीसगावच्या मुलाची वेगळी आणि चिपळूणच्या मुलीची वेगळी. शिक्षक वर्गात या तिन्ही भाषांत ये-जा करतातच, पण समोर साठ किंवा शंभर मुलं असतात. प्रत्येकाचं पठण ऐकायचं, प्रत्येकाचा अडलेला संधी सोडवायचा, हे तासाभरात कोणालाही जमणार नाही. जोडी लावली तर पठणाचा प्रश्न लगेच सुटतो. एकाने श्लोक म्हणायचा, दुसऱ्याने पुस्तक उघडं ठेवून ऱ्हस्व-दीर्घ धरायचे, मग अदलाबदल. अर्ध्या तासात सगळा वर्ग म्हणून होतो.

शवविच्छेदनाचंही तसंच. टेबलाभोवती गर्दी असली की पुढच्या रांगेला मज्जातंतूंचं जाळं दिसतं आणि मागच्यांना फक्त पुढच्यांचे अ‍ॅप्रन. आदल्या दिवशी नीट तयार केलेला एक सिनियर आणि सहा-सात जणांचा गट अशी विभागणी केली, तर बाहूतला एकेक तंतू प्रत्येकाला चिमट्याने उचलून बघता येतो.

नुकतं शिकलेला माणूस बरं का समजावतो?

घरात पोळ्या करायला शिकताना आईला विचारलं, पाणी किती घालू, तर ती म्हणते, "अंदाजाने घाल गं, हाताला कळतं." तिच्या हाताला खरंच कळतं, पण ते कळणं तिला शब्दांत सांगता येत नाही. गेल्या वर्षी शिकलेली बहीण मात्र सांगते, "वाटीभर कणकेला अर्धी वाटी पाणी, तेही एकदम ओतू नकोस, आणि बोटांना चिकटायचं थांबलं की मळायचं थांब." आपण कुठे चुकलो होतो ते तिला अजून आठवतं.

वीस वर्षं चिकित्सा केलेल्या वैद्याचंही असंच होतं. त्यांना 'आम', म्हणजे नीट न पचलेला अन्नरस, काय असतो हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की नवख्याचं कुठे अडतं हे त्यांच्या लक्षात येत नाही. वैद्यकीय शिक्षणातले अभ्यासक ओले टेन केट आणि स्टीव्हन डर्निंग यांनी २००७ साली सहाध्यायींनी शिकवण्याच्या बाजूने बारा कारणं मांडली. त्यांच्या विवेचनातल्या दोन गोष्टी मला सर्वांत पटतात. एक, ज्ञानाची पातळी जवळची असल्याने शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचा गोंधळ ओळखता येतो. दोन, नातं बरोबरीचं असल्याने 'हा प्रश्न बावळट तर नाही ना' ही भीती कमी होते.

शिकवणाऱ्याचं काय होतं, ते एका उदाहरणावरून सांगतो. सेकंड इयरचा विद्यार्थी ज्युनियरला अग्नीचे, म्हणजे पचवणाऱ्या शक्तीचे, तेरा प्रकार सांगतोय, जाठराग्नी एक, भूताग्नी पाच, धात्वग्नी सात. पाठ आहे, फडाफड सांगतो. ज्युनियर विचारते, "दादा, मग तापात यातला कुठला बिघडतो? अंग गरम असतं म्हणजे अग्नी वाढलेला असतो ना? मग भूक का लागत नाही?" आता पाठांतर उपयोगी नाही. त्याला चरकाचं निदानस्थान उघडून ज्वराची संप्राप्ती, म्हणजे रोग घडण्याची वाट, पुन्हा वाचावी लागते. तिथे सापडतं, की दोष पचनाच्या जागेतली उष्णता बाहेर ढकलतात आणि ती शरीरभर पसरते. म्हणून अंग तापतं आणि भूक मात्र मरते. परीक्षेसाठी ही ओळ त्याने पूर्वी वाचलेली असते. समजते ती या प्रश्नामुळे.

हुशार मुलांचा वेळ यात वाया जातो, असं पालक म्हणतात, त्यांनी हा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा.

आधी लिही, मग बोल

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात एक साधी पद्धत वापरली. एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने गप्प बसून आपलं उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचा प्रयत्न करायचा आणि नंतर पुन्हा उत्तर द्यायचं. दुसऱ्या खेपेला बरोबर उत्तरांचं प्रमाण साधारणपणे वाढतं. त्याहून मोलाचं म्हणजे, बोलण्याआधी प्रत्येकाला स्वतःचं मत ठरवावं लागतं. नाहीतर गटात जो मोठ्याने बोलतो त्याचंच उत्तर सगळ्यांचं होतं.

ही शिस्त आयुर्वेदात सर्वांत जास्त कुठे हवी असेल, तर ती नाडीपरीक्षेत आणि प्रकृतिपरीक्षणात. शार्ङ्गधर संहितेत वाताची नाडी जळू किंवा सापासारखी, पित्ताची कावळा किंवा बेडकासारखी आणि कफाची हंस किंवा पारव्यासारखी चालते असं वर्णन आहे. पहिल्यांदा मनगटावर तर्जनी, मध्यमा, अनामिका ठेवणाऱ्या मुलाला फक्त ठोके लागतात. साप कुठे आणि हंस कुठे? शिक्षकांनी "ही बघ, वातप्रधान" म्हटलं की तो मान डोलावतो आणि त्याला तसंच जाणवू लागतं.

याऐवजी असं करता येतं. तिघांनी एकाच वर्गमित्राची नाडी पाहायची, पण पाळीपाळीने आणि न बोलता. प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहून तो पालथा ठेवायचा. तिघांचं झालं की कागद उलटे करायचे. बहुतेक वेळा तिघांचं जुळत नाही, आणि खरं शिकणं तिथून सुरू होतं. तू बोटं किती दाबलीस? मी पाहिली तेव्हा तो जिना चढून आला होता का? मध्ये त्याने चहा घेतला का? तू गती म्हणतोस ती वेगाला की लयीला? हे प्रश्न विचारून झाल्यावर पुन्हा एकदा न बोलता पाहायचं आणि सगळ्यात शेवटी शिक्षकांनी पाहायचं.

प्रकृतीचंही तसंच. त्वचा रूक्ष आहे हे कोणत्या ऋतूत, शरीराच्या कोणत्या भागावर पाहून ठरवलं? 'बोलणं भराभर' हे त्याचं नेहमीचं आहे की परीक्षा द्यायच्या दडपणामुळे? दोन विद्यार्थ्यांनी एकाच माणसाची प्रकृती स्वतंत्रपणे लिहिली आणि ती वेगळी आली, तर निकष सैल आहेत की पाहणं सैल आहे, हे शोधावं लागतं. परीक्षक बदलला की निष्कर्ष बदलतो का, हा आयुर्वेदाच्या संशोधनाला वारंवार विचारला जाणारा प्रश्न आहे. पहिल्या वर्षापासून मुलांना आपसातला फरक मोजायची सवय लागली, तर पुढे त्या प्रश्नाला उत्तर देणारे वैद्य तयार होतील. सहअध्ययनाचा माझ्या मते हा सर्वांत मोठा फायदा आहे. अभ्यास सोपा होणं त्याच्यापुढे दुय्यम.

चरकाने घातलेल्या अटी

चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या आठव्या अध्यायात शास्त्र पक्कं होण्याचे तीन उपाय दिले आहेत. अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा, म्हणजे त्याच विद्येच्या माणसाशी चर्चा. शिकवणं हा स्वतः शिकण्याचा उपाय म्हणून तिथे सरळ नोंदवला आहे. चर्चेचे फायदेही सांगितलेत. शंका फिटतात, न ऐकलेलं ऐकायला मिळतं, बोलण्याची ताकद येते. एक फार मानवी निरीक्षणही आहे. गुरूने प्रसन्न होऊन शिष्याला हळूहळू सांगितलेलं गुपित, तो शिष्य वादात जिंकायच्या भरात एका दमात बोलून टाकतो!

चर्चा दोन प्रकारची आहे. सलोख्याने केलेली संधायसंभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्यसंभाषा. पहिली कोणाशी करावी? जो रागावत नाही, मत्सर करत नाही, ज्याची समजूत काढता येते आणि ज्याला दुसऱ्याची समजूत काढता येते, अशाशी. तिथे कसं वागावं? निःशंकपणे विचारावं, विचारलं तर मोकळेपणाने सांगावं, हरायच्या भीतीने बावरू नये, समोरच्याला निरुत्तर केलं म्हणून हरखू नये, चारचौघांत फुशारकी मारू नये, आपलंच एक टोक धरून बसू नये, आणि जे माहीत नाही त्याचं वर्णन करू नये.

ही चर्चा वैद्याने वैद्याशी करायची आहे, नीट देऊन आलेल्या अठरा वर्षांच्या दोन मुलांची नाही. त्यामुळे 'आजची पद्धत चरकाने आधीच सांगितली होती' असं म्हणणं ताणलेलं होईल. पण वागण्याचे हे नियम इतके नेमके आहेत, की सहअध्ययनाच्या पहिल्या सत्रात ते वाचून दाखवावेत आणि गटाने ते पाळावेत. तद्विद्यसंभाषेचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. तिच्या अटीही तेवढ्याच निष्ठेने पाळायला हव्यात.

पण मुलं चुकीचं शिकवतील त्याचं काय?

ही शंका रास्त आहे. द्रव्यगुणाच्या, म्हणजे औषधी द्रव्यांच्या विषयाच्या, विद्यार्थ्याला वनौषधी उद्यानात नेऊन सिनियरने मंडूकपर्णी दाखवली आणि 'ही ब्राह्मी' म्हणून सांगितलं, तर ती चूक अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये उतरते. बाजारात आणि नर्सरीतही या दोघींची गल्लत होतेच. ब्राह्मीचं पान लहान, लांबट आणि मांसल. मंडूकपर्णीचं गोलसर, दातेरी कडेचं, बेडकाच्या पायाची आठवण देणारं. पानं शेजारी शेजारी धरली की फरक दिसतो, पण आधी कुणीतरी तसं धरायला सांगावं लागतं.

म्हणून सिनियरने काय शिकवायचं ते आधी शिक्षकांसमोर शिकवून दाखवायचं. सत्रात अडलेले प्रश्न एका वहीत लिहायचे आणि ती वही आठवड्याच्या आत शिक्षकांकडे जायची. "मला माहीत नाही, विचारून सांगतो" हे वाक्य म्हणायची सिनियरला मोकळीक हवी. जे माहीत नाही त्याचं वर्णन करू नये, हा चरकाचा नियम नेमका हाच आहे.

संशोधन काय सांगतं? वैद्यकीय शिक्षणातल्या अभ्यासांचा २०१६ साली एकत्रित आढावा घेतला गेला. सहाध्यायींकडून शिकलेल्या आणि शिक्षकांकडून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. यावर फार हुरळूनही जाऊ नये. हे निष्कर्ष आधुनिक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांवरचे आहेत. आयुर्वेदात संहितेचा अर्थ लावताना टीकाकारांची, म्हणजे भाष्यकारांची, मतं वेगळी असतात, आणि तिथे सहाध्यायीच्या ज्ञानाला लवकर मर्यादा पडते. श्लोक पाठ करणं, अन्वय लावणं मित्राबरोबर, पण मतभेदाच्या जागा शिक्षकांबरोबर, असा भेद करावाच लागेल.

मग शिक्षक कशाला हवेत?

याचं उत्तर आपल्याच देशात सुरू झालेल्या एका प्रयोगात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मुलांना शिकवायचा. आसपासच्या देशी शाळांत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवायला सुरुवात केली. १७९७ साली त्याने लंडनमध्ये त्याचा वृत्तांत छापला. पुढे जोसेफ लँकेस्टरने अशीच पद्धत चालवली आणि ती जगभर पसरली, कारण एक शिक्षक शेकडो मुलं सांभाळू शकत होता आणि खर्च नगण्य होता. स्वस्त म्हणून पसरलेली ही पद्धत पुढे यांत्रिक घोकंपट्टीत अडकली. १८४६ पासून इंग्लंडमध्ये शिकाऊ शिक्षकांना पाच वर्षं तयार करणारी वेगळी व्यवस्था आली आणि जुनी मागे पडली.

म्हणून स्पष्टच म्हणायला हवं. एखाद्या महाविद्यालयात शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, म्हणून सिनियर मुलांना वर्गावर पाठवलं, तर ते सहअध्ययन नाही. तो विद्यार्थ्यांवर अन्याय आहे, शिकणाऱ्यांवर आणि शिकवणाऱ्यांवरही. यात शिक्षकाचं काम कमी होत नाही. विषय निवडणं, सिनियर तयार करणं, सत्रात बसून ऐकणं, वहीतल्या प्रश्नांना उत्तरं देणं हे सगळं त्याला करायचं आहे, आणि ते तास त्याच्या कामात धरले गेले पाहिजेत.

सिनियर-ज्युनियर म्हणजे रॅगिंगला वाट?

पालकांच्या मनात हे येणारच. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, पण कायद्याने भीती जात नाही. सत्रं दिवसा, महाविद्यालयातच, उघड्या दाराच्या वर्गात व्हावीत, हॉस्टेलच्या खोलीत नव्हे. गट बदलून मागायला कारण द्यावं लागू नये. सिनियरने हजेरी किंवा गुण यांना हात लावायचा नाही, कारण ती सत्ता हातात आली की बरोबरीचं नातं संपतं. हे पाळलं तर पहिल्या महिन्यातच ज्युनियरची एका तरी सिनियरशी अभ्यासातून ओळख होते, आणि अडचणीच्या वेळी जायला एक जागा तयार होते.

एकमेकांच्या शरीरावर सराव

नाडी, जिव्हा, त्वचा पाहण्याचा सराव एकमेकांवर होतो, तो संमतीने. कोणीही नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही, आणि कपडे सैल करावे लागतील अशी तपासणी सहअध्ययनात नकोच. वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (एनिमा) ही पंचकर्मं 'सरावासाठी' मित्रावर करणं तर धोक्याचं आहे. ती शरीराची अवस्था पाहून करायची चिकित्सा आहे.

सुश्रुताने यासाठी माणूस सुचवलेला नाही. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर, शिवण्याचा जाड कापडाच्या कडांवर, शिरावेधाचा, म्हणजे शीर टोचण्याचा, मृत जनावराच्या शिरा आणि कमळाच्या देठांवर, पट्टी बांधण्याचा बाहुल्यावर आणि बस्तीच्या नळीचा पाण्याने भरलेल्या घड्याच्या छिद्रावर करायला सांगितला आहे. दोघांनी मिळून कोहळ्यावर छेद घ्यावा, एकाने कापावं, दुसऱ्याने खोली आणि सरळपणा पाहून सांगावं. रुग्ण समोर आला की मात्र फक्त शिक्षक आणि त्यांच्या देखरेखीखालचा विद्यार्थी.

सुरुवात कुठून करावी?

रचनाशारीरापासून, असं माझं मत आहे. तिथे वस्तू हातात धरता येते आणि चूक लगेच दिसते. हाडांच्या संख्येचा प्रश्न पहिल्या सत्राला छान आहे. चरक ३६० म्हणतो, सुश्रुत ३०० आणि आधुनिक शारीर प्रौढ माणसात २०६. तिघांनी एकेक संख्या वाटून घ्यायची आणि 'माझ्या ग्रंथाने नेमकं काय काय मोजलं' हे आपापलं शोधून लिहून आणायचं. चरकाकडे गेलेल्याला ३२ दात, दातांच्या ३२ खोबण्या आणि २० नखं सापडतील. सुश्रुताकडे गेलेल्याला अस्थींचे पाच प्रकार मिळतील, त्यात रुचक म्हणजे दात आणि तरुण म्हणजे कूर्चा. मग तिघांनी टेबलावर हाडं मांडून एकमेकांना आपली मोजणी दाखवायची. फरक कुठे मोजण्याच्या व्याख्येचा आहे आणि कुठे व्याख्या लावूनही आकडा जुळत नाही, हे वेगवेगळं लिहायचं. न जुळलेला भाग वहीतून शिक्षकांकडे जाईल, आणि पुढच्या तासाला शिक्षक तिथूनच शिकवायला सुरुवात करतील.